किल्ली शेजारी ठेवून मस्कतला गेलेले भाऊजी

जगातली बाकीची सगळी शहरं वाशीपेक्षा किती मागे आहेत हे दाखवण्यापुरतीच बांधली गेली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझ्या समोरच्या दारात राहत होता. मी त्यांना भाऊजी म्हणत असे आणि ते मला वहिनी. तळोज्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा तिथे होतं काय? खाडी बुजवून केलेली मोकळी जमीन, थोड्याफार बिल्डिंगा, वाट बघायला लावणारी बस आणि दिवेलागणीला डासांची फौज. दादरचे नातेवाईक यायचे ते नाक मुरडतच. भाऊजी मात्र पाहुण्यांना बसस्टॉपवरून मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी आणायचे आणि रिकाम्या रस्त्याच्या मधोमध उभं करून म्हणायचे, "रुंदी बघा जरा. तुमच्याकडे एवढ्या जागेत दोन चाळी उठल्या असत्या." एकदा त्यांच्या मेव्हण्यानं विचारलं, "पण या रस्त्यावरून जातं कोण?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "जातील. आधी रस्ता, मग माणसं. तुमचं उलटं झालं, म्हणून ती गर्दी."

सेक्टरमध्ये पहिलं औषधाचं दुकान उघडलं त्या दिवशी डोकं दुखत नसताना त्यांनी बामच्या दोन बाटल्या आणल्या, दुकानदार खचून परत जाऊ नये म्हणून. रस्त्यावरचा दिवा बंद दिसला की घरात कोणी आजारी असल्यासारखे ते अस्वस्थ व्हायचे आणि अर्ज लिहायला बसायचे. खिशात कायम एक मोजायची टेप असे. फुटपाथ, जिन्याची पायरी, दोन झाडांमधलं अंतर, जे दिसेल ते मोजायचे आणि आकडा काहीही निघो, मान डोलावून म्हणायचे, "बरोबर आहे." त्यांच्या बायकोला आम्ही ताई म्हणायचो. ताई म्हणायच्या, "अहो, लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा एवढ्या बारकाईनं पाहिलं नव्हतं यांनी."

पण भाऊजींचा खरा अभिमान रस्त्यांचा नव्हता. तो होता माझ्या पॅसेजमधल्या खिळ्यांचा. तेव्हा आमच्या बिल्डिंगला पाणी यायचं ते भर दुपारी, तासभर. नवरे कामावर, नोकरीवाल्या बायकाही कामावर, मुलं शाळेत. आमच्या जिन्यावर दिवसभर घरी असणारी मी एकटी. त्यामुळे सकाळी निघताना प्रत्येक जण आपली किल्ली माझ्याकडे ठेवून जायचा आणि पाणी आलं की मी एकेक दार उघडून अकरा घरांची पिंपं भरायची. भाऊजींनी स्वतः अकरा खिळे ठोकून दिले, अर्थातच टेप लावून, सारख्या अंतरावर. किल्ल्या काय नुसत्या पाण्यापुरत्या राहतात? कोणाचा गॅस आला, कोणाचे सासरे गावाहून न कळवता उतरले, कोणाचं दूध गॅसवरच राहिलंय अशी शंका बसमध्ये बसल्यावर आली, सगळ्याला किल्ली माझ्याकडे. शिवाय भाऊजींना दमा होता. ताई शाळेत शिकवायला गेलेल्या असताना एकदा त्यांना घरात असा जोराचा ठसका लागला, की उठून दारापर्यंत येता येईना. नशिबानं आतून कडी घालायची राहिली होती, म्हणून नुसता आवाज ऐकून मी किल्लीनं दार उघडलं आणि डॉक्टरला बोलावलं. त्या दिवसापासून ते घरी असले तरी आतून कडी लावत नसत, नुसतं लॅच ओढून घेत आणि दुसरी किल्ली माझ्याच खिळ्यावर असे.

अशा माणसाला मस्कतची नोकरी चालून आली. दोन वर्षांचा करार, एकट्यानं राहायचं. ताईंना एकच घोर लागला. "तिथे दम लागला तर यांचं दार कोण उघडणार?" असं त्या मला दिवसातून तीनदा विचारायच्या. आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी वाशी गावातली म्हातारी तेवढी बिनधास्त होती. "तिकरं मावरा मिलतो का रं भाऊ? मिलत असंल तं जा. मानूस जगतो तिकरं," असं तिनं सांगून टाकलं. भाऊजी गेले आणि जाताना आपली किल्ली माझ्याकडे ठेवायला विसरले नाहीत, जरी ताई इथेच राहणार होत्या.

मग पत्रं सुरू झाली. पत्र ताईंच्या नावानं असे, पण आत मजकूर सगळ्या जिन्यासाठी. कागदाच्या मधोमध रेघ, एका बाजूला मस्कत, दुसऱ्या बाजूला वाशी, स्टोअरच्या रजिस्टरात मालाची नोंद करावी तसं. रस्ते: मस्कत बरं. वीज: मस्कत. मासळी: मस्कत, पण विकणारा भांडत नाही, त्यामुळे घेण्यात मजा नाही. हवा: वाशी. संध्याकाळ: वाशी. "इथे संध्याकाळ होतच नाही, एकदम अंधार पडतो," असं त्याखाली स्पष्टीकरण. डास: इथे मस्कत जिंकलं म्हणावं की हरलं, यावर त्यांनी अर्धं पान घालवलं होतं. आम्ही जिन्यात बसून ही पत्रं वाचायचो आणि वाशीच्या बाजूला काही लिहिलेलं आलं की टाळ्या पडायच्या. पाण्यासमोर त्यांनी लिहिलं, "मस्कत. नळाला चोवीस तास पाणी आहे. त्यामुळे इथे कोणाला कोणाचं नाव माहीत नाही."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जे केलं ते आमच्या जिन्यावरचाच माणूस करू जाणे. कामाला निघताना सवयीनं समोरच्या दाराची बेल वाजवली, आतून आलेल्या इंग्रज इंजिनिअरच्या हातात आपली किल्ली ठेवली, "दुपारी पाणी आलं तर बघा" असं इंग्रजीत सांगितलं आणि हे बसमध्ये जाऊन बसले. इंग्रज घाबरला. समोरचा माणूस घर सोडून, कदाचित देशच सोडून चालला, असं समजून त्यानं ती किल्ली कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिली. दुपारी साहेबानं भाऊजींना बोलावून विचारलं, "तुम्ही राजीनामा कधी दिलात?" भाऊजींनी त्याला वाशीच्या पाण्याची वेळ, पिंपं, खिळे असं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. साहेबानं त्यांना दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं.

पण भाऊजी हटणारे नव्हते. दमा होताच, वर ताईंचा घोर. ते मजल्यामजल्यावर किल्ली घेऊन फिरले. कोणी हसून दार लावलं, कोणी बेल वाजली तरी उघडलं नाही. शेवटी तळमजल्यावर राहणारे, बंदरातल्या गोदामांत कारकुनी करणारे एक वयस्कर बलुची गृहस्थ भेटले. भाऊजी त्यांना बाबा म्हणू लागले. बाबांना आपली हिंदी छान येत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी वर येऊन स्वतःची किल्ली भाऊजींच्या हातावर ठेवली. मग शुक्रवारचा चहा एकत्र सुरू झाला आणि त्या चहाबरोबर भाऊजींनी बाबांना वाशी पाजली. अकरा किल्ल्या, अकरा खिळे, कोणाचंही दार कोणालाही उघडं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी भाऊजी चहाला खाली आले नाहीत. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, वर जाऊन किल्लीनं दार उघडलं, तर भाऊजी जमिनीवर, ओठ निळे. बाबांनी त्यांना पाठीवर घेऊन दोन जिने उतरवले आणि दवाखान्यात नेलं. साठी उलटलेल्या माणसानं. हे आम्हाला कळलं ते भाऊजी करार संपवून धडधाकट परत आल्यावर. ताईंनी ऐकलं आणि उठून यांची किल्ली माझ्या खिळ्यावर आहे ना, ते बघून आल्या. भाऊजी मात्र छाती काढून सांगत होते, "बघितलंत? वाशीची पद्धत मस्कतमध्येसुद्धा चालते."

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत वाशीनं भाऊजींचं म्हणणं खरं केलं. रस्त्यावर माणसं आली, बाजार आला, आमच्या गच्चीवर मोठी टाकी आणि खाली पंप बसला. नळाला दिवसभर पाणी. आणि एकेक करून लोक किल्ल्या घेऊन गेले. भांडण नाही, तंटा नाही. आता लागत नाही ना, वहिनी, तुम्हाला उगाच त्रास. दारांना लोखंडी जाळ्या बसल्या. अकरा खिळ्यांवर दोन किल्ल्या उरल्या, एक भाऊजींची आणि एक खालच्या मजल्यावरच्या, आता एकट्या पडलेल्या आजींची. खोटं कशाला बोलू, पिंपं उचलणं थांबलं तेव्हा माझ्या कंबरेला आनंदच झाला होता.

अशात बाबांचं पत्र आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला येतोय, आधी तुझ्याकडे दोन दिवस राहीन, तुझ्या त्या अकरा किल्ल्या डोळे जायच्या आत बघायच्या आहेत. भाऊजी पत्र घेऊन माझ्याकडे आले ते पांढरेफटक पडून. "वहिनी, ज्या माणसानं मला पाठीवर घेतलं, त्याला मी थापाड्या वाटणार," म्हणाले आणि तसेच जिना चढायला लागले. दारोदार जाऊन ते दोन दिवसांसाठी किल्ली मागत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी जाळीआडूनच सांगितलं, "अहो, घराची किल्ली अशी कशी देणार? हल्ली दिवस कसले आहेत." भाऊजी म्हणाले, "मग कसलीही द्या. टांगलेली दिसली पाहिजे." संध्याकाळपर्यंत अकरा खिळे भरले. लोकांनी हौसेनं दिल्या, पण काय दिल्या ते सांगायला नको. कपाटाच्या, सायकलच्या कुलुपाच्या, एक तर हार्मोनियमच्या पेटीची.

बाबा आले. उंच, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड काच. भाऊजींनी त्यांना टॅक्सीतून उतरवून लांबच्या वाटेनंच आणलं. माझ्याकडे चहा घेऊन झाल्यावर बाबा उठले आणि खिळ्यांपाशी गेले. दिसत फारसं नव्हतं, म्हणून एकेक किल्ली बोटांनी चाचपू लागले. हयात बंदरातल्या गोदामांत गेलेला माणूस तो. तिसऱ्या किल्लीशी थांबले आणि हळूच म्हणाले, "भाईसाब, ये तो बक्से की चाबी है."

भाऊजी सरळ म्हणाले, "बाबा, दो ही बची है. पहले ग्यारह थी. झूठ नहीं बोला था." एवढ्या वर्षांत वाशीच्या विरुद्ध एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकला तो त्या दिवशी. मला इतकं वाईट वाटलं, की पिंपं भरायची दुपार परत यावी असं वाटून गेलं.

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली आणि भाऊजींच्या हातावर ठेवली. मस्कतमधल्या त्यांच्या घराची. "तू गेल्यापासून कोणाकडे ठेवू, ते कळत नव्हतं," असं ते हिंदीत म्हणाले. इतक्या लांबून या किल्लीनं कसलं दार उघडायचं, असं माझ्या मनात आलं, पण भाऊजींनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी हार्मोनियमच्या पेटीची किल्ली खिळ्यावरून काढून माझ्याकडे दिली आणि बाबांची तिथे लावली. मग बाबांचा हात धरून तो खिळ्यापर्यंत नेला, म्हणजे नंतर त्यांना जागा सापडेल.