कुलपाला हात न लावणारे भाऊजी

माझे धाकटे दीर कुलपं दुरुस्त करतात. गल्ली त्यांना किल्लीभाऊ म्हणते. स्वभाव असा संशयी, की आरशात स्वतःला पाहिलं तरी ‘हा कोण?’ म्हणून दोनदा वळतील. पण गिऱ्हाइकावर जीव. बसवलेल्या प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली जपून ठेवायची, ही त्यांची खोड. माणसं किल्ल्या हरवतात, मग धावत यांच्याकडेच येतात.

चपलांच्या दुकानात चोरी झाली, कुलूप मात्र शाबूत. पोलिसांना भाऊजींकडे त्याची जादा किल्ली सापडली. झालं! काल हात जोडणारे आज आम्हाला बघून कडी लावू लागले. कोर्टाने जामीन दिला, पण अट घातली: खटला संपेपर्यंत कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही. खटला उभा कधी राहणार, देव जाणे. तोवर पोटाला काय, वारा?

आमच्या वकीलबाई त्यांच्या कचेरीत म्हणाल्या, “या अटीविरुद्ध वरच्या कोर्टात अपील करू. मुदत उद्या संपते. सही करा.”

“आणि वरचे साहेब चिडले, जामीनच काढून घेतला तर?” भाऊजींनी विचारलं. मग माझ्या कानाशी, “वहिनी, ही बाई दुकानदाराची माणूस तर नाही?”

“तुमच्या सावलीलाही विचारून घ्या, ती कुणाची ते,” मी म्हटलं.

बाई कागद काढायला गेल्या, तर कपाटाची किल्ली कुलपातच तुटली. त्यांचा कारकून हसला, “घ्या, वैद्य घरातच आहे! उघडा की हो, इथे कोण बघतंय?”

भाऊजींचा हात पुढे गेला आणि थबकला. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडेसुद्धा. हात काखेत दाबून ते भिंतीला टेकले. “मला आत टाकायचा डाव आहे हा.”

“हात लावला असता तर मीच ओरडले असते,” बाई म्हणाल्या. “कागद पुन्हा छापते.”

मला मात्र राग आला. “माझ्यावरही संशय? खटला संपेपर्यंत असेच हात काखेत घालून बसणार का?”

त्यांनी त्या कुलपाकडे पाहिलं. “बसवत नाही, वहिनी,” हळूच म्हणाले. “वाचा तो कागद.”

मी चौथीपर्यंत शिकलेली. बाईंनी पुन्हा छापून आणलेला कागद बोट ठेवून ठेवून वाचला. ती अट काढावी, एवढंच मागणं. भाऊजींनी दोनदा वाचायला लावलं, मग सही केली.

कोर्टाच्या खिडकीवरच्या बाबूने अपील घेतलं, पोचपावतीवर शिक्का मारला. भाऊजींनी पावती उजेडात धरून शिक्का उलटसुलट पाहिला.

“खरा वाटतोय,” म्हणाले.

निकाल लागेल तेव्हा लागेल. त्यांच्या तोंडून एवढं निघालं, हेच मला पुष्कळ वाटलं.