गोविंदभटांची मरळ

गोविंदभट गेल्याची बातमी त्यांचा पुतण्या सदाशिव घेऊन आला, आणि त्याच दमात म्हणाला, "मास्तर, परसात हौदात पाळलेल्या त्या मरळ माशाचं आता काय करायचं? आज दुपारीच हौद उपसून टाकतो." माणूस अजून घरातून उचललं नव्हतं... माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आधी काकांना पोचवू. मरळीला हात लावलास तर याद राख!"

तीस वर्षं आम्ही शेजारी राहिलो. राहुरीत पौरोहित्यात त्यांच्याइतका चोख माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतका हट्टीही कुणी नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या साली कालव्याचं पाणी बंद झाल्यावर एका डबक्यात बोटाएवढं पिल्लू तडफडताना त्यांना दिसलं. संध्येच्या तांब्यात घालून त्यांनी ते घरी आणलं आणि दगडी हौदात सोडलं. रोज नैवेद्याचा भात, वर तुपाची धार! पिल्लू तोंड लावीना, खंगत चाललं. शेवटी मोळी विकायला आलेला ठकाजी हौदात डोकावला आणि पोट धरधरून हसला. "भटजीबाबा, मरळ हाय ती. भात न्हाई खायाची. जित्तं लागतंय तिला, जित्तं!"

 दुसऱ्या दिवशी धोतर खोचून ओढ्यात बेडूक धरताना त्यांना गावाने पाहिलं, आणि आळीला तोंड फुटलं. चार वडीलधारे दारात आले. मासा सोडा, नाहीतर आमच्याकडे श्राद्धपक्षाला पाऊल टाकू नका, म्हणाले. भटजी ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. "देवाने तिला दात दिलेत. मी कोण तिला एकादशी करायला लावणारा? तिला वाढायचं तेवढी ती वाढणार!" कितीतरी घरं तुटली, पण हा गृहस्थ वाकला नाही. एकदा मीच विचारलं, कशाला हा अट्टहास? तर म्हणाले, "मास्तर, मी आणलीय तिला. अर्धवट सोडून द्यायला ती काय तुमच्या शाळेतलं पोर आहे?" मी हसलो खरा, पण लागलं होतं.

मरळ हातभर झाली, मांडीएवढी जाड. तोच तांब्या हौदाच्या कडेवर वाजवला की तिची काळी पाठ वर यायची, आणि भटजींचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू!

दहाव्याला मुळा नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. सदाशिवाने सगळं कबूल करून पाहिलं... काकूंना सांभाळीन, देवपूजा चालवीन, गाय विकणार नाही. कावळे आपले फांदीवर गप्प. उन्हं चढली, मंडळी दर्भाचा कावळा करायला निघाली, तेव्हा मला राहवलं नाही. पुढे होऊन मोठ्याने म्हणालो, "गोविंदभट, हौद उपसला जाणार नाही. मरळ मी वाढवीन." कावळा उतरला. योगायोग असेल, मीही तेच म्हणतो. पण शब्द सगळ्यांदेखत दिलाय.

त्याला सहा आठवडे झाले. काकूंनी तांब्या माझ्या हातात दिला. पहिले काही दिवस मी तो वाजवला तरी मरळ तळाशीच बसून राहिली, आणि मी हौदाच्या कडेला बसून चक्क रडलो. मग जन्मात झुरळ न मारलेला मी ओढ्यात उतरलो. पहिला बेडूक हातातून तीनदा निसटला. चौथ्यांदा सुटू दिला नाही.

परवा हौदापाशी आळीतल्या एकाने हटकलं, "काय हो मास्तर, आता तुम्हीसुद्धा?"

"हो, मीसुद्धा," म्हटलं, आणि त्याच्यासमोर तांब्या वाजवला. काळी पाठ वर आली. "बघून घ्या. अजून वाढतेय ती."