आम्हीच मोडलेले बांध

मालक मुंबईला, जमीन सिन्नरजवळ आणि राबणारे आम्ही. आजोबांपासून आमची तीन घरं कूळ म्हणून ते शेत कसत आली. मालकाचं तोंड मात्र कोणी पाहिलं नव्हतं. अचानक मोजणीची नोटीस आली. मालकाच्या पुतण्याला जमीन विकायची होती, आणि त्याआधी आम्हाला हुसकावायचं होतं.

मी सातपूरच्या कारखान्यातून रजा टाकून घरी पोचलो, तोवर आमच्या शहाण्यांनी पराक्रम करून ठेवला होता. तिन्ही घरांनी मिळून मधले बांध नांगरून सपाट केले होते! ज्या बांधावरच्या वीतभर मातीपायी आई आणि शेजारचे तात्या वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तोही गेला. "आता मोज म्हणावं," आई म्हणाली. "काय बी कळायचं नाय त्याला." हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

मोजणीवाले साहेब आले आणि सपाट रान बघून वैतागले. "अहो, शेताची हद्द मला नकाशावरून सापडेल. पण आत कोण कुठवर कसतं, ते मी बांध बघूनच लिहितो. आता ताबा कोणाचा लिहू?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही आमच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. रस्त्यावर गाडीला टेकून उभा असलेला पुतण्या खूश झाला. "कोणाचाच नाही, असं लिहा."

तेव्हा तात्यांनी चपला काढल्या आणि नांगरटीतून सरळ चालत गेले. मध्येच थांबून म्हणाले, "वहिनी, तुमचं हितपर्यंत."

आई त्यांच्याजवळ गेली. खाली बघत राहिली. मग म्हणाली, "नाय भाऊजी. माझ्या सासऱ्यानं बांध कोरला होता. तुमचं अजून वीतभर आमच्याकडं हाय."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं, मग पुतण्याकडे वळले. "तुम्ही दाखवता का चालून?" पुतण्या रस्त्यावरून हलला नाही.

"खोटं बोलणारा माणूस स्वतःची जमीन कमी सांगत नाही," साहेब म्हणाले. तिसऱ्या घराची हद्दही त्यांनी तशीच चालून घेतली आणि तिन्ही घरांचा ताबा कागदावर लिहून आमच्या सह्या घेतल्या. कोर्टकचेरी पुढे होतीच, पण आता आम्हाला सहजासहजी कोणी हुसकावू शकणार नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

पुतण्याची गाडी गेली तेव्हा मला टाळ्या पिटायच्या होत्या. पण माझं लक्ष आईकडे गेलं. घरातली चोरी चारचौघांत कबूल करून ती उभी होती, आणि इतकी मोकळी मी तिला कधीच पाहिली नव्हती.