शिव्या खाणारी सासू

औशाच्या मंगल कार्यालयात दिव्यांग आणि धडधाकट पोरापोरींनी मिळून बसवलेलं नाटक होतं. मी लातूरहून रुमालाला इस्त्री करूनच गेलो. अशा ठिकाणी डोळे ओले करायची पद्धत आहे आणि मी शिक्षक असल्यानं पद्धत मोडत नाही.

पडदा उघडला. केसांना पावडर फासलेली विशीतली पोरगी व्हीलचेअरवर बसून, सासू होऊन आली. सुनेच्या भाकरीला नाक मुरडत होती, खुर्चीचं चाक मुद्दाम सुनेच्या पायावर घालत होती. आणि आम्ही समोर बसून "अरेरे, बिचारी" करत होतो. तेही सासूसाठी.

तिनं नाटक थांबवलं. आमच्याकडं वळून म्हणाली, "ओ, रडायलाव कायला? मी सुनेला छळायलेय. शिव्या द्या की मला."

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "हाव की. टवळे, आयतं मिळालंय तर गप गिळ की."

पोरगी अशी खुलली, की पुढं छळ दुप्पट झाला.

नाटक संपल्यावर मी तिला गाठून म्हणालो, "तुमच्या जिद्दीला सलाम."

"जिद्द ऱ्हाऊ द्या सर. काम कसं झालं?"

तासभर मी नुसती खुर्चीच बघितली होती.

तेवढ्यात ती म्हातारी जवळून गेली. शेजारी उभ्या, नाटकात सून झालेल्या पोरीला म्हणाली, "हिच्या घरात नांदू नको गं बाई."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. "असं सांगायचं असतंय, सर."