पियानोला काही झालेलं नाही

हंगेरीतल्या सेगेदच्या संगीतशाळेतले पियानो मी चौतीस वर्षं सुरात लावले, त्यामुळे हर्मिनाबाईंबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे.

त्यांचे वडील बाजारात लाल मिरचीची पूड विकायचे. पोरगी शाळेतल्या पियानोला जी चिकटली ती सुटेचना. पुढे शिकायला बुडापेस्टला गेली आणि पंचविशीतच तिचं नाव मैफिलींच्या जाहिरातींवर झळकायला लागलं. बापानं गिऱ्हाइकांना ते सांगून सांगून हैराण केलं.

सदुसष्ट साली त्यांची आमच्या गावात मैफील होती. दोन दिवस आधी मला बोलावणं आलं. "डेनेश, ही वरची पट्टी जड लागतेय, बघ जरा."

मी पट्टी काढली, पुसली, बसवली. संध्याकाळी पुन्हा निरोप, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. मग मी त्यांना वाजवायला लावलं आणि पट्ट्या सोडून हाताकडे बघत बसलो. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप तळव्याकडे वळत होतं.

"बाई, रागावू नका. पियानोला काही झालेलं नाही."

आता आपली धडगत नाही असं मला वाटलं. पण बाईंनी लांब श्वास सोडला. "सुटले बाबा! दोन वर्षं लपवतेय मी हे. आईला नाही, कुणाला नाही सांगितलं. कुणीतरी बोलावं म्हणून जीव टांगणीला लागला होता."

मैफील रद्द झाली. बुडापेस्टच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा नसांचा दोष आहे, याला औषध नाही. बाई आमच्या शाळेत शिकवायला आल्या. शिकवायच्या छान, पण मुलांच्या हातांची धास्ती घेतलेली. चेंडू खेळायचा नाही, लाकडं फोडायची नाहीत, सप्टेंबरपासूनच हातमोजे. पोरं मागून 'हातमोजेबाई' म्हणायची.

सात-आठ वर्षांनी पिरोश्का नावाची बारा वर्षांची मुलगी स्पर्धेची तयारी करत होती. एक दिवस मी शेजारच्या खोलीत तारा ताणत होतो, तर बाई दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"डेनेश, पोरीची करंगळी वळतेय. उद्या तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जाणार आहे. तू चल. मला एकटीला ऐकवणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं बुडापेस्टला गेलो. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला, दंड दाबला. पोरगी कळवळली.

"काय गं, गेल्या आठवड्यात काय काय केलंस?"

 तिनं एकदम भोकाड पसरलं. "आजीकडे आलुबुखाऱ्याचा जॅम होता! बाईंना सांगू नका!"

बाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या.

"किती होता?" बाईंनी विचारलं.

"मोठी कढई भरून. दीड दिवस ढवळत होतो. माझ्याएवढा तर डाव होता."

"आणि मोठी माणसं काय करत होती?"

"आळीपाळीनं होती ना. पण आजी म्हणाली, पियानोवालीचा हात कसा लयीत चालतो. मग मलाच परत परत उठवलं."

डॉक्टर हसत सुटले. "स्नायू आखडलेत, दुसरं काही नाही. आठ दिवस आराम, की झालं."

बाई व्हरांड्यात गेल्या. मला वाटलं रडतायत. रडत होत्याच, पण मध्येच हसतही होत्या. "आलुबुखारे रे, डेनेश! नुसते आलुबुखारे! रात्रभर मी तिच्या आईला काय सांगायचं ते घोकत होते."

परतीच्या गाडीत त्यांनी पिरोश्काच्या डब्यातला चरबी फासलेला पाव आणि कांदा निम्म्याहून जास्त संपवला. मग म्हणाल्या, "माझं भय मी या लेकरांच्या हातांत घालत होते. हातमोजे बंद उद्यापासून."

"खेळायचं पण?" पोरीनं लगेच संधी साधली.

"खेळ बाई, खेळ."

पिरोश्का स्पर्धेत तिसरी आली. बाईंनी पुढं आणखी सोळा वर्षं शिकवलं. एका हिवाळ्यात तिसा नदीच्या बर्फावर घसरून एका विद्यार्थ्यानं परीक्षेच्या तोंडावर उजवं मनगट मोडून घेतलं. आईबाप कापत कापत सांगायला आले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. याचा डावा हात फार आळशी आहे, महिनाभर त्याच्याकडेच बघते."