चार हात लांबून

"तोंड उघड."

अमीनसाहेबांनी सांगितलं. निजामाच्या पोलिसातल्या साहेबाला आम्ही अमीन म्हणायचो. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो होतो. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी तोंड उघडलं.

समोर दोन पंच, आमच्याच गावचे. एक पाटील, एक वाणी. चार हात लांब उभे. दोघांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलेलं. वारा त्यांच्याकडून माझ्याकडं येत होता.

"हुंगा," अमीन म्हणाला.

वाण्यानं मान बोटभर पुढं केली. पाय जागचा हलला नाही.

"येऊन राहिला जी वास. ढोसून आलंय म्हारडं."

पाटलानं मान हलवली. पंचनामा झाला. मी दारूच्या नशेत बैलगाडी हाकली, असा. शाईची डबी जमिनीवर ठेवून शिपाई मागं सरला, मग मी अंगठा उठवला. सकाळपासून माझ्या पोटात भाकरीचा तुकडा नव्हता. दारू कुठली?

घडलं होतं ते असं. मी जळणाची गाडी घेऊन हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं चाललो होतो. भर दुपार. समोरून मालकांची मोटार आली. मालक म्हणजे आमच्या गावचे देशमुख. ड्रायव्हरला शेजारी बसवून स्वतः हाकत होते. मोटार कधी या कडेला, कधी त्या कडेला. मी गाडी पार खाली उतरवली, तरी ती अंगावर आलीच. मी नालीत फेकला गेलो. माझा पवळ्या बैल जागीच गेला. त्याचे डोळे उघडेच होते. ते आठवलं की आजही माझ्या अंगाची लाहीलाही होते.

मालक लटपटत उतरले. नालीत वाकून त्यांनी माझी बंडी धरली, मला वर ओढलं आणि तोंडाला तोंड भिडवलं.

"काहून रे भडव्या, मोटार दिसत न्हाई तुला?"

विलायती दारूचा असा भपकारा आला की मला ओकारी आली. मग ते माझ्या तोंडावर थुंकले. ड्रायव्हरनं त्यांना मोटारीत नेऊन बसवलं. अमीन आला तेव्हा मोटार निघून गेली होती, आणि रस्त्यावर मी होतो.

हिंगोलीच्या अदालतीत मुन्सिफसाहेबांपुढं मला उभं केलं. दंड, नाहीतर कैद, असं बाहेर सगळे सांगत होते. मालकांचा कारभारी सकाळीच माझ्या मायजवळ येऊन गेला होता. पोरानं गुन्हा कबूल केला तर दंड वाड्यावरून भरू, म्हणाला. मायनं माझे हात धरले.

"व्हय म्हण लेकरा. येका शब्दात सुटशील. त्यायच्याशी आपलं काय चालतंय?"

मला मायचा राग आला नाही. मीही तेच ठरवून आत गेलो होतो.

मोठ्या माणसाशी बोलताना तोंडापुढं हात धरायचा, ही आम्हा महारांची रीत. आपला श्वास त्यांना लागू नये म्हणून. मायनंच ती लहानपणी शिकवली होती, चापट्या मारून. त्या दिवशीही हात आपोआप वर गेला. मुन्सिफसाहेब म्हातारे होते, मुसलमान. त्यांनी ऐकायला कानामागं हात धरला.

"हात हटाके बोलो. सुनाई नै देता."

मी हात खाली घेतला. जन्मात पहिल्यांदा. तोंडाला वारा लागला. आणि 'व्हय' म्हणायचं ते घशातच राहिलं.

"साहेब, पंचायला इचारा. माझं तोंड हुंगलं तवा त्यायचं नाक कितीक लांब व्हतं?"

साहेबांनी वाण्याकडं पाहिलं.

"जवळच जी," वाणी म्हणाला.

"कितना?"

"आता... लई जवळ."

अदालतीत आमच्या गावचे लोक दाटीनं बसले होते. वाण्याचा थोरला भाऊ पुढंच होता. मी म्हणालो, "माझा वाफारा नाकात गेला आसंल, तर घरी जाऊन आंघोळ केली का इचारा. त्याच सांजंला हे देवळात आरतीला उभे व्हते."

भावानं वाण्याकडं वळून पाहिलं. वाण्याच्या कपाळाला घाम फुटला.

"न्हाई जी! देवाशप्पथ न्हाई! आमी चार हात लांब व्हतो. दोघंबी!"

पाटलानं खाली पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पंचनामा पुन्हा वाचला आणि मला सोडून दिलं.

मायनं दारातूनच हात जोडले. "चल लेकरा. साह्यबाच्या पाया पड आन् चल."

माझे पाय हलेनात. माझं तोंड न हुंगताच कागद झाला होता, आणि मालकांच्या तोंडाजवळ जायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांचा कागदच नव्हता. नशेत गाडी हाकायला शिक्षा आहे ना? मग ती मोटारीला नाही का?

"साहेब, माझी फिर्याद लिवून घ्या. मोटार मालक हाकत व्हते. पिऊन."

कारभारी दारापाशी उभा होता. "गावात ये तू," तो हळूच म्हणाला. मायनं पदर तोंडात कोंबला.

"गवाह कौन है?" साहेबांनी विचारलं.

"मी. त्यायच्या तोंडाचा वास मी घेतला. त्यायनं माझी बंडी धरली, तोंडाला तोंड लावलं. सुदीवर आसलेला देशमुख म्हाराला शिवंल का, साहेब? पंचायलाच इचारा."

पंचांना कुणी विचारलं नाही. कारकुनानं लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. तो साहेबांकडं पाहत होता, साहेब दाराकडं.

गावात घर राहील का, ठाऊक नव्हतं. माझा हात सवयीनं तोंडाकडं जायला लागला. मी तो कठड्यावर दाबून धरला.

"लिवा," मी म्हणालो. "लिवल्याबिगर मी हितून हलत न्हाई."