शववाहिकेचा पिकअप

...तर ती शववाहिका आमच्या दारात येऊन उभी राहिली, इथवर काल सांगून झालं होतं. शेजाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. चौघे जण चौकशीला आले आणि मी जिवंत दिसल्यावर त्यातले दोघे जरा हिरमुसले. पण गाडी माझ्यासाठी आलेलीच नव्हती. ती आली होती थोरल्या सुनेकडे.

थोरल्या सुनेचा धंदाच तसा. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये लॅपटॉप, केबलींचा गुंता आणि एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसायची माझीसुद्धा टाप नाही. हल्लीच्या गाडीत इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर असतो. मी गावच्या शाळेतला चौथी पास, तेव्हा मला कळेल असं तिनं सांगितलं, "बाबा, हा कॉम्प्युटर म्हणजे इंजिनाच्या घरातली सासू. तुम्ही पाय कितीही दाबा, डिझेल किती वाढायचं ते तीच ठरवणार." सून केबल लावून सासूच्या डोक्यातले आकडे लॅपटॉपवर उतरवून घेते, आपल्या मनासारखे करते आणि परत डोक्यात घालते. आमच्या हिला ही उपमा अजून पचलेली नाही.

हे ती शिकली माहेरच्या गॅरेजात, बापाच्या शिव्या खात. लग्न होऊन आली तेव्हा पहिला प्रयोग नवऱ्याच्याच गाडीवर केला. आकडे आत जात असताना गाडीत कशालाही हात लावायचा नसतो. बॅटरी उतरली की खेळ खलास. आमच्या चिरंजीवांनी नेमका तेव्हाच आतला दिवा, बाहेरचे दिवे, सगळे लावून आरशात भांग पाडला. कॉम्प्युटर जागच्या जागी गार. पुढे बरेच दिवस चिरंजीव बसमध्ये लोंबकळत ऑफिसला गेले, आणि भांग रोज मोडत राहिला.

तर शववाहिका. तिचा ड्रायव्हर भला माणूस, पण पार रडकुंडीला आलेला. स्मशान टेकडीवर, आणि गाडी चढावर मध्येच बसायची. दोनदा नातेवाइकांनी रडता रडता धक्का मारला होता. सुनेनं तिची ताकद वाढवून दिली, आणि इथंच ती चुकली. मालाच्या टेम्पोला द्यावी तशी दिली. पायाचा अंगठा टेकला की गाडी उसळी घ्यायची. पुढच्याच अंत्ययात्रेत, जन्मभर सगळीकडे उशिरा पोचलेले एक गृहस्थ टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचले. मंडळी मागून चपला हातात घेऊन धावतायत. त्यांच्या बायकोनं शववाहिकेच्या ऑफिसात तक्रार केली, आमच्या ह्यांना पळवून नेलं म्हणून.

ऑफिसातल्या साहेबानं ड्रायव्हरला सांगितलं, "उद्या दुपारी एका मयताला न्यायचंय. आणखी एक तक्रार आली की किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं." घरात तो एकटा कमावता. आमच्या पायरीवर येऊन बसला.

"मॅडम, जुनं होतं तेच घाला परत."

"मग गाडी परत चढावर बसेल. तेव्हा तक्रार नाही येणार?"

त्यानं कपाळावर हात मारला.

"चूक माझी आहे," सून म्हणाली. "मी रिकामी गाडी रस्त्याच्या वेगानं पळवून बघितली. तुमची गाडी तशी कधी चालते?"

म्हणजे भरून, माणसाच्या पावलानं चालवायला हवी होती. मागच्या बाकांवर वाळूची पोती रचली. मधल्या स्ट्रेचरवर मात्र पोतं टिकेना, वळणावर घसरायचं. सुनेनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही जरा आडवे व्हाल का?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," आतून आमची ही.

"आई, तासाभरात परत आणते."

"मग तुझ्या नवऱ्याला घाल की."

"ते काहीतरी बटण दाबतील. बाबांना नुसतं पडून राहता येतं."

हे खरं आहे. त्या बाबतीत या घरात मला तोड नाही.

मी पडलो. आमच्या गादीपेक्षा ते स्ट्रेचर बरं. सून पुढे ड्रायव्हरच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि निघालो आम्ही. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं काचेतून मला बघितलं आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक टाकून मान खाली घालून मागे चालू लागला. मग इस्त्रीवाला, मग शिंपी. गिऱ्हाईकही आलं, गालाला फेस तसाच. सून खूश, माणसं किती मागे पडतात ते तिला आरशात आयतं दिसत होतं. चढाच्या पायथ्याशीच माणसं धापा टाकायला लागली, तशी सुनेनं गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद केलं आणि आकडे बदलून परत भरायला घेतले. मला म्हणाली, "श्वास घ्या, पण हलू नका."

काच थोडी उघडी होती.

"म्हातारा बोलायचा फार," न्हावी म्हणाला.

"मनानं चांगला," इस्त्रीवाला.

"सदऱ्याचं माप देताना पोट आत ओढायचा," शिंपी.

आकडे भरून होईपर्यंत मी दम धरला. मग उठून बसलो. "कधी ओढलं रे पोट?"

इस्त्रीवाला मटकन खाली बसला. न्हावी मात्र तापला. "आजोबा, गिऱ्हाईक सोडून आलोय मी."

"आलाच आहात तर वरपर्यंत चला," सून खिडकीतून म्हणाली. "आणि नेहमी चालता तसंच चाला. अजून जमलेलं नाही."

आले की सगळे. आणखी दोन खेपा झाल्या. शेवटी पाय टेकला तर गाडी मांजरीसारखी हलायची, आणि चढ लागला की आतून रेटायची. मी विनाधक्का वर पोचलो आणि मंडळी माझ्याबरोबर, गप्पा मारत.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मागे चालला. कुणी पळालं नाही, कुणी ढकललं नाही. वर पोचल्यावर त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, किल्ली असू दे तुझ्याकडेच.

ड्रायव्हर तिथून थेट आमच्या शेडमध्ये. आधी डोळे पुसले, मग चहा घेतला. पण माणसाचं पोट भरलं की जीभ सैल सुटते.

"मॅडम, येताना गाडी रिकामी असते. तेवढ्यापुरता जरा पिकअप वाढवता येईल का? पुढच्या घरी लवकर पोचेन."

सुनेनं लॅपटॉप मिटला.

"तुमची वाट बघत पडलेल्या माणसाला कधी घाई असते का?"